वरच्या मजल्यावरचा जपान

ड्युसेलडॉर्फमधल्या आमच्या इमारतीत तीन मजले आहेत आणि तीन राष्ट्रं. तळमजल्यावर जर्मन आजी, मध्ये आम्ही डोंबिवलीकर, वर जपानी काकू आणि काका. आजींना दारावरची घंटा ऐकू येत नाही, पण रविवारी दुपारी कुणी भिंतीत खिळा ठोकला तर तो बरोबर ऐकू येतो. आमची फोडणी जिन्याने वर जाते, काकूंच्या भाजलेल्या बांगड्याचा वास खाली येतो, आणि शेवटी दोघं जोडीने आजींच्या दारात जाऊन उभे राहतात.

तोंडावर मी वरच्या बाईंना आडनावाला 'सान' लावून रीतसर हाक मारते. आमच्या घरात मात्र त्या पहिल्याच आठवड्यात काकू झाल्या. साठीच्या जवळ आलेली, दारात चप्पल काढणारी आणि शेजारणीचा डबा कधी रिकामा परत न पाठवणारी बाई ही काकूच असते, मग ती कोबेची असो की कोल्हापूरची.

काकांना कंपनीने इथे तीन वर्षांसाठी पाठवलं होतं. त्याला किती वर्षं झाली ते काकू सांगत नाहीत. "यंदा बहुतेक परत बोलावतील," एवढंच म्हणतात. मधल्या काळात त्यांची मुलगी इथल्या जपानी शाळेतून बाहेर पडून टोकियोत नोकरीलाही लागली, काकांच्या कपाळाची हद्द बरीच मागे सरकली, आणि तात्पुरत्या म्हणून आणलेल्या घडीच्या खुर्च्यांना दोनदा नवीन कापड लागलं. मी यावर हसत नाही. 'प्रोजेक्ट संपला की' हे वाक्य आमच्याकडेही आहे, आणि त्याच्या भरवशावर आम्ही अजून बेडरूमला पडदे शिवलेले नाहीत.

काकूंच्या बोलण्यात कायम दोन देश असतात, आणि त्या क्षणी ज्या देशात नसतील त्याची त्या बाजू घेतात. इथे असल्या की जपान. सुट्टीला जपानात गेल्या की जर्मनी. शेवटी त्यांच्या बहिणीने वैतागून विचारलं म्हणे, "तिकडे एवढं चांगलं आहे तर इथे येऊन आम्हाला का ऐकवतेस?" हे मला सांगताना काकू खरोखर दुखावलेल्या होत्या. आपल्याला जर्मनी आवडते हे त्यांना तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

खरं म्हणजे ड्युसेलडॉर्फमध्ये जपानी माणसाला जर्मनी आवडण्या-नावडण्याचा प्रसंगच येऊ नये अशी चोख व्यवस्था आहे. युद्धानंतर जपानला नव्याने उभं राहायचं होतं, त्यासाठी पोलाद, यंत्रं आणि रसायनं हवी होती, आणि ती सगळी ऱ्हूरच्या खोऱ्यात, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर तयार होत होती. म्हणून १९५०च्या दशकात जपानी व्यापारी कंपन्यांची माणसं इथे आली. माणसांमागून बायकामुलं आली, मुलांमागून १९७१मध्ये जपानी शाळा आली, आणि शाळा आली म्हटल्यावर शिकवण्या आल्याच. नीडरकासेल भागात मोठी घंटा असलेलं बौद्ध मंदिर आहे. स्टेशनजवळच्या इमरमान रस्त्यावर तर जपानी वाणी, जपानी पुस्तकवाला, जपानी न्हावी, जपानी बेकरी अशी ओळच लागते. रस्त्याच्या नावाची पाटीसुद्धा जपानी लिपीत आहे. काकूंचा दातांचा डॉक्टर जपानी बोलतो. त्यांची ब्रेड त्याच रस्त्यावरून येते, कारण जर्मन पाव खायला दात लागतात आणि जपानी पावाला नुसती इच्छा पुरते.

या व्यवस्थेत एकच उणीव आहे, ती म्हणजे जर्मन लोक. त्यांना हे सगळं भलतंच आवडू लागलं आहे. शनिवारी इमरमान रस्त्यावरच्या रामेनच्या दुकानांपुढे फुटपाथ भरून रांग असते आणि त्या रांगेत जपानी माणूस शोधावा लागतो. वर्षातून एकदा राइनच्या काठावर जपान दिवस भरतो, रात्री जपानी कारागिरांची आतषबाजी होते, लाखो लोक येतात, आणि निम्म्या तरुण जर्मनीने त्या दिवशी किमोनो नाही तर कार्टूनमधले निळे केस चढवलेले असतात. काकू त्या दिवशी जीन्स घालतात. एकदा ट्राममध्ये एका सहाफुटी सामुराईने त्यांना अस्खलित जपानीत बसायला जागा दिली. काकूंनी त्याचे आभार जर्मनमध्ये मानले आणि दोघंही थोडे हिरमुसले.

काकूंचं जर्मन हा स्वतंत्र विषय आहे. जपानात डिसेंबर आला की गावोगाव बेथोव्हनची नववी सिंफनी गातात. ती तिथे पहिल्यांदा संपूर्ण वाजली १ जून १९१८ला, तोकुशिमाजवळच्या बांदो छावणीत, आणि वाजवणारे होते पहिल्या महायुद्धातले जर्मन युद्धकैदी. पुढे हे वेड इतकं वाढलं की ओसाकात दर डिसेंबरला दहा हजार जण एका छताखाली ती गातात. त्या दहा हजारांत तरुणपणी काकूही होत्या. शेवटच्या भागातलं समूहगान त्यांनी अर्थ न विचारता घोकलं होतं, आपण अथर्वशीर्ष घोकतो तसं. त्यामुळे जर्मनीत उतरल्या तेव्हा त्यांच्यापाशी आनंद, स्वर्ग, बंधुभाव, तारांगण आणि अखिल मानवजातीला आलिंगन एवढी सामग्री तयार होती. नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायला गेल्या तर तिथल्या बाईंनी घरमालकाचं पत्र मागितलं. घरमालक सिंफनीत येत नाही. इतक्या उदात्त जर्मनवर साधं वीजबिल भरता येत नाही हे काकूंना त्या दिवशी कळलं.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र दोन्ही देश एकमेकांचे मावसभाऊ शोभतात. काकांचं एक कागद पाठवणं मी पाहिलं आहे: इकडच्या कचेरीला सही हवी, तिकडच्या कचेरीला शिक्का हवा, आणि दोघांनाही ते फॅक्सने हवं. जगाला मोटारी आणि कॅमेरे देऊन या दोन देशांनी स्वतःकडे फॅक्स ठेवून घेतला.

पण खरी परीक्षा कचऱ्याची. इथे कागदाचा डबा निळा, ओल्या कचऱ्याचा तपकिरी, वेष्टनांचा पिवळा, उरल्यासुरल्याचा काळा. काच रस्त्यावरच्या टाकीत, तीही पांढरी, हिरवी, तपकिरी वेगवेगळी, आणि रविवारी अजिबात नाही, कारण खळ्ळ आवाज होतो. आम्ही आल्या आल्या याचा तक्ता करून फ्रिजवर लावला होता. काकूंना हा सगळा प्रकार ढिसाळ वाटला. त्यांच्या देशात कामिकात्सु नावाचं एक डोंगराळ गाव आहे. तिथली माणसं कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार करतात. चार डब्यांत संसार आटपणाऱ्या लोकांना शिस्तप्रिय का म्हणायचं, हा काकूंचा प्रश्न मला तरी बिनतोड वाटतो.

दुधाचा कागदी खोका रिकामा झाला की काकू तो विसळतात, कात्रीने उभा कापून उलगडतात, ओट्याकडेला वाळत घालतात, आणि असे दहा-बारा जमले की पांढऱ्या दोऱ्याने त्यांचा गठ्ठा बांधतात. दह्याचे डबे तर असे घासतात की त्यातला एक मी मागून घेतला, त्यात आता मेथ्या आहेत. आजी रोज सकाळी डब्यांची झाकणं उघडून पाहणी करतात. आयुष्यभर त्यांनी भाडेकरू पकडले आहेत. काकूंच्या पिशवीपुढे त्या कित्येक महिने हताश उभ्या राहत. मग एके दिवशी त्यांना सापडलं. काकूंनी तो देखणा गठ्ठा निळ्या डब्यात, कागदात ठेवला होता. जपानात तो कागदातच जातो. जर्मनीत दुधाचा खोका पिवळ्यात. आजींनी गठ्ठा उचलून जिन्यात आणला, काकूंना समजावून सांगितलं, आणि पुढचे दोन दिवस त्या इतक्या प्रसन्न होत्या की माझ्या मुलालाही त्यांनी चॉकलेट दिलं.

बाटल्यांचं रामायण त्याहून मोठं. जपानात प्लास्टिकची बाटली टाकायची तर टोपण काढायचं, भोवतीचं लेबल सोलायचं, आतून विसळायची आणि पायाखाली चेपून सपाट करायची. काकूंचा पाय यात तयार आहे. जर्मनीत त्याच बाटलीवर २५ सेंट अनामत असते. ती परत हवी तर बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात घालायची, यंत्र तिला गरागरा फिरवून लेबलावरच्या रेघा वाचतं, आणि पटलं तर चिठ्ठी देतं. लेबल हवं, आकार शाबूत हवा. काकू पहिल्यांदा गेल्या त्या सोललेल्या, धुतलेल्या, चपट्या बाटल्यांची चळत घेऊन. यंत्राने पहिली बाहेर ढकलली. काकूंनी वाकून माफी मागितली आणि दुसरी घातली. मागे रांग वाढत गेली. शेवटी एका शाळकरी पोराने त्यांना खुणेने समजावलं की बाटली जशी प्यायलात तशीच आणायची. न धुता? न धुता. काकू घरी आल्या त्या जर्मन संस्कृतीबद्दलचं एक कायमचं मत घेऊन.

पुढच्या सुट्टीत कोबेला बहिणीकडे राहायला गेल्या, तर आठवडाभरात पलंगाखाली रिकाम्या बाटल्यांची पिशवी भरलेली. लेबलासकट, टोपणासकट, एकही चेपलेली नाही. बहिणीने विचारलं, या कशाला साठवल्यास? काकू म्हणाल्या, फेकवत नाहीत, पैसे आहेत ते. मग दोघी बहिणी जमिनीवर मांडी घालून लेबलं सोलत बसल्या. बहीण सोलत होती आणि काकू दर बाटलीला "पंचवीस" म्हणत होत्या.

खाण्याच्या बाबतीत एवढा समेट होत नाही. दर उन्हाळ्यात आजी मागच्या अंगणात सगळ्या भाडेकरूंना बोलावतात आणि प्रत्येकाने काही ना काही करून आणायचं असतं. एका वर्षी आजींनी त्यांच्या तरुणपणचा मानाचा पदार्थ मांडला: डुकराच्या कच्च्या खिम्याचं साळिंदर. खिमा अगदी ताजा, त्यात मीठ-मिरपूड, हाताने थापून दिलेला साळिंदराचा आकार, पाठभर कांद्याचे उभे काप काटे म्हणून खोचलेले आणि ऑलिव्हचे दोन डोळे. हे तसंच कच्चं पावावर फासून खातात. त्याला मेट म्हणतात आणि भल्याभल्या जर्मन माणसांचा आवाज ते नाव घेताना हळवा होतो.

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. कच्चा मासा खाणाऱ्या काकू. सकाळी वाफाळत्या भातावर कच्चं अंडं फोडून, वर सोया सॉस घालून, चॉपस्टिकने घोटून जेवणाऱ्या काकू. डुकराचं मांस कच्चं खाऊ घालायला जपानात २०१५पासून कायद्याने बंदी आहे. "हे लोक जगतात कसे?" त्या माझ्या उजव्या कानाशी पुटपुटल्या. पाचच मिनिटांत बोलता बोलता आजींना कच्च्या अंड्याची बातमी लागली. त्यांनी माझा डावा कान पकडला. "साल्मोनेला! तुम्ही तिच्या मैत्रीण ना? सांगा तिला." डावीकडे खिमा, उजवीकडे अंडं, मध्ये मी शुद्ध शाकाहारी, हातात साबुदाणा वड्यांचं ताट. दोन्ही पक्षांनी मला पंच नेमलं. मी दोघींपुढे वडे केले. आजींनी वडा फोडून आतले फुगलेले पांढरे दाणे चष्म्यातून निरखले आणि हे कुठल्या माशाचं गाभोळं, असं विचारलं. काकूंना तोवर तशी शंकाही नव्हती. पण गाभोळं म्हणताच त्यांनी आनंदाने आणखी दोन घेतले. मी सत्य सांगितलं, तेव्हा दोघी पहिल्यांदाच एका बाजूला आल्या आणि दोघींची निराशा झाली.

काकूंची माहेरची फेरी सहसा नववर्षाला असते. पूर्वी इथून टोकियोला थेट विमान होतं, ते २०२०मध्ये साथीच्या काळात बंद पडलं. आता फ्रँकफुर्ट गाठावं लागतं, त्यात रशियावरून उडणं थांबल्यापासून विमानाला वळसा पडतो, आणि फ्रँकफुर्टला जायचं म्हणजे आधी आगगाडीत बसायचं. २०२४मध्ये जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर इथे उशीर धरत नाहीत. काकूंच्या फ्रिजवर २०१७चं एक जपानी कात्रण आहे: टोकियोजवळची त्सुकुबा एक्स्प्रेस एका स्टेशनातून २० सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली, त्याची बातमी. काकू पाहुण्यांना ती वाचून दाखवतात. विमान दुपारचं असलं तरी पहाटेची गाडी पकडतात. पण गंमत अशी की कोबेला गेल्यावर हीच बाई बहिणीला म्हणते, "तुमच्या गाड्या वेळेवर येतात म्हणून तुम्ही एकमेकांशी बोलत नाही." यात तथ्य आहे. जर्मन माणूस फलाटावर अनोळखी माणसाशी बोलतो ते गाडी उशिरा आली तरच, आणि मग त्याच्यासारखा गप्पिष्ट दुसरा नाही. काकूंची दोन कुटुंबांशी अशीच घसट झाली आहे.

जानेवारीतल्या जपानी घराबद्दल काकू जे सांगतात ते ऐकून मला स्वेटर घालावासा वाटतो. आपण बसलोय ती खोली तापवायची, बाकी घर देवाच्या हवाली. टेबलावर रजई पसरलेली, टेबलाखाली हीटर, त्यात कमरेपर्यंत शिरून सगळं कुटुंब बसतं आणि संत्री सोलत राहतं. पॅसेजमध्ये जायची वेळ आली की माणसं एकमेकांकडे बघतात. जर्मनीत घर गरम आणि संडासची बैठक थंड, जपानात घर थंड आणि बैठक गरम. दोन्ही एकाच ठिकाणी मिळायचं भाग्य काकूंच्या पत्रिकेत नाही. पाण्याने धुणारी ती जपानी बैठक आता तिथे घरोघरी आहे. इथल्या भाड्याच्या घरात ती बसवायची तर कमोडशेजारी विजेचा पॉइंट हवा, त्यासाठी घरमालकाची लेखी परवानगी हवी, मग वायरमन हवा, आणि वायरमनची तारीख मिळेपर्यंत काकांची बदली झालेली असेल अशी काकूंना भीती.

या एका विषयात आम्हा दोघींचं पहिल्या दिवसापासून मतैक्य आहे. कागदावर चाललेली ही संस्कृती कितीही पुढारलेली असली तरी तिच्यात पाणी कमी आहे. मी काकूंना डोंबिवलीहून आणलेलं एक टमरेल भेट दिलं. निळं, प्लास्टिकचं, कोरं करकरीत. काकूंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कमरेत वाकून आभार मानले, आणि चार दिवसांनी परतभेट म्हणून लाकडी पेटीतला हिरवा चहा घेऊन आल्या. टमरेलाला इतका मान आमच्या खानदानात कधी मिळाला नव्हता.

तर बहिणीच्या त्या थंड जपानी घरात काकू एका सकाळी उठल्या आणि त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. त्यांचा दोष नाही, आजींची शिकवण. जर्मन घरात सकाळ-संध्याकाळ खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून हवा पालटायची, नाहीतर भिंतींना बुरशी येते. हे आजींनी काकूंना जिन्यात, अंगणात आणि एकदा लेखी सांगितलं होतं. जर्मनीत मागे भिंत तापलेली असते, खिडकी लावली की घर पुन्हा ऊबदार. कोबेच्या त्या घरात तापलेलं असं टेबलाखालीच काय ते होतं. बहीण रजईतून ओरडली, मेव्हण्यांनी टोपी घातली, आणि काकू मध्ये उभं राहून बुरशीवर भाषण देत राहिल्या.

त्याच मुक्कामात सासऱ्यांचं श्राद्ध होतं. काळे कपडे, गुडघे मोडून बसलेली सगळी भावकी, पुढे भिक्षूंचं सूत्रपठण चाललेलं. काकूंना सर्दी. आता जपानात चारचौघांत नाक शिंकरणं म्हणजे अघोरी. माणूस आत ओढत राहतो, तासभर ओढतो, पण शिंकरत नाही. जर्मनीत उलटं. तिथे नाक ओढणाऱ्याकडे अख्खी ट्राम वळून बघते, आणि शिंकरणं मात्र जेवणाच्या टेबलावर, रुमाल झटकून, तुतारी वाजवल्यागत चालतं. काकूंचा हात सवयीने पर्समध्ये गेला. सूत्रपठण थांबलं नाही, पण भिक्षूंची एक मात्रा चुकली असं काका शपथेवर सांगतात. घरी परतताना मोठ्या जावेने मऊ आवाजात विचारलं, "युरोपात हवा फार कोरडी असते, नाही?" जपानी मंडळींनी एवढं म्हटलं की समजायचं, वर्षभराची चर्चा झाली.

गणपतीचं मात्र वेगळं झालं. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, जेवणाच्या टेबलावर, मागे साडीचा पडदा आणि दिव्यांची माळ. काकू पहिल्यांदा दर्शनाला आल्या त्या कागदात गुंडाळलेला हातभर लांब पांढराशुभ्र मुळा घेऊन. मला वाटलं, भाजी आणली. त्यांनी तो गणपतीपुढे आडवा ठेवला, हात जोडले, आणि मग मान वर करून मूर्तीकडे पाहिलं तशा एकदम दचकल्या.

मग उलगडा झाला. आपला गणपती चीनमार्गे फार पूर्वी जपानात पोचला, तिथे त्याला कांगितेन किंवा शोतेन म्हणतात. नाराजवळ इकोमा डोंगरावर त्याचं मोठं ठाणं आहे, ओसाकाचे व्यापारी धंद्यात बरकत यावी म्हणून त्याच्या पाया पडतात. जपानातली पहिली केबल रेल्वे १९१८मध्ये सुरू झाली ती याच डोंगरावरच्या भाविकांसाठी. काकूंच्या आई दरवर्षी जायच्या. टोकियोत आसाकुसाजवळ त्याचं आणखी एक मंदिर आहे, तिथे नैवेद्याला मुळ्यांची रास लागते. क्योटोत त्याच्यासाठी तळलेली, पोटलीच्या आकाराची, आत सारण भरलेली मिठाई करतात. वर्णन ऐकून मी ताटातला मोदक दाखवला तर काकू म्हणाल्या, हाच, फक्त आमचा कडक. पण तिथे मूर्ती कुणाला बघू देत नाहीत. ती कायम बंद देव्हाऱ्यात. भक्त जन्मभर बंद दारापुढे मुळे ठेवतात. आणि इथे तो जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, दिव्यांच्या माळेत आरामात बसलेला. काकू थोडा वेळ त्याच्याकडे तिरक्या नजरेने, पाहुण्याच्या खोलीत चुकून शिरल्यासारख्या बघत होत्या.

सासूबाई डोंबिवलीहून व्हिडिओवर आरतीला होत्या. "तो मुळा कुणी ठेवला देवापुढे?" मी सगळी कथा सांगितली, इकोमा डोंगरासकट. सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "असू दे. एवढे मोदक खाल्ल्यावर मुळा पचनाला बरा." मी हे काकूंना सांगितलं तर त्या चकित झाल्या, त्यांच्या आईचंही मुळ्याबद्दल नेमकं हेच मत होतं.

सामानाबद्दल लिहायचं राहिलं, आणि परदेशस्थ माणसाचा खरा स्वभाव सामानात कळतो. काकू इकडे येताना आणतात ते म्हणजे वाळवलेल्या माशाची पूड, नोरी नावाचं समुद्री शेवाळ, भातावर भुरभुरायची चूर्णं, कान कोरायची बांबूची काडी, आणि जेवण झाकायची प्लास्टिकची फिल्म. हो, फिल्म. इथली फिल्म सरळ फाटत नाही आणि भांड्याला सोडून स्वतःलाच चिकटते, हे त्यांचं निरीक्षण मी माझ्या स्वयंपाकघरातून दुजोरा देऊन नोंदवते. जाताना न्यायचं ते अवघड. जर्मनी म्हटलं की नातेवाइकांना हवं सॉसेज, आणि मांसाचे पदार्थ जपानच्या विमानतळावर आत सोडत नाहीत. मग उरतात चॉकलेटं, हातांची मलमं आणि जडीबुटीचे चहा. पण नुसतं नेऊन भागत नाही, ते वाटता यावं लागतं. जपानात प्रवासाहून आलेल्या माणसाने शेजारी, कचेरी, भावकी सगळ्यांना खाऊ द्यायचा आणि तो प्रत्येक नग वेगळ्या कागदात हवा. जर्मन कंपन्या पाव किलो बिस्किटं एका पिशवीत ओततात आणि मोकळ्या होतात. त्यामुळे प्रवासाच्या आदल्या रात्री काकू-काका टेबलाशी बसून एकेक बिस्किट पारदर्शक पाकिटात घालून त्यावर सोनेरी दोरी बांधत असतात. मीही एकदा मदतीला गेले होते. माझ्या गाठी नंतर सोडून परत बांधल्या गेल्या, हे मला सकाळी काकांच्या डोळ्यांखालच्या वर्तुळांवरून समजलं.

यंदा कोबेहून फर्माईश आली बाउमकुखनची, तीही अस्सल. हा केक फिरत्या दांड्यावर थरावर थर देत भाजतात, कापला की झाडाच्या खोडातली वलयं दिसतात. कार्ल युखहाइम नावाचा जर्मन मिठाईवाला चीनमधल्या किंगदाओत दुकान चालवत होता. पहिल्या महायुद्धात जपानने ते शहर घेतलं आणि त्याला कैदी म्हणून जपानला नेलं. ४ मार्च १९१९ला हिरोशिमातल्या एका प्रदर्शनात त्याने हा केक करून विकला, त्याच इमारतीत जिचा सांगाडा आज अणुबाँबचं स्मारक म्हणून उभा आहे. युद्ध संपल्यावर तो जपानातच राहिला, योकोहामात दुकान थाटलं, १९२३च्या भूकंपात ते गेलं, मग कोबेला आला. आता जपानात बाउमकुखन मिळत नाही असं गाव नाही. लग्नात पाहुण्यांना देतात, वलयं वाढत जातात तसा संसार वाढो म्हणून. काकूंच्या लग्नातही दिला होता.

जर्मनीत तो नाताळाच्या सुमाराला काय तो दिसतो. काकूंनी आठवडाभर शहर पालथं घातलं, शेवटी एका जुन्या मिठाईवाल्याकडे चॉकलेटचा थर दिलेला, वजनदार असा एक मिळाला. कोबेला तो सगळ्यांनी पातळ काप करून खाल्ला. मेव्हणे बराच वेळ चघळत राहिले, मग म्हणाले, "चांगला आहे. पण अस्सल नाही."

काकू परतताना कोबेहून एक मऊसूत, पिवळाधमक बाउमकुखन घेऊन आल्या, खास आजींसाठी. वर रेशमी फडकं, आत पेटी, पेटीत कागद, कागदात पाकीट. आजी आधी सगळी वेष्टनं पिवळा, निळा, काळा अशी वेगळी करत बसल्या. मग त्यांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "छान! अगदी छान. जपानात याला काय म्हणतात?"

"बाऊमुकूहेन," काकू म्हणाल्या.

"बाऊम-कू-खन," आजींनी दुरुस्त केलं आणि काकूंकडून तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा समाधानाने मान हलवली, "हं, आता जर्मन वाटतं," आणि दुसरा तुकडा पुढ्यात ओढला.